नालबंदाची बढती

शिवकालीन पागेची जी व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवली आहे, तिच्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी अशी पायरीपायरीने चढत जाणारी शिडी आहे. आणि त्याच व्यवस्थेत, जाता जाता सांगावे तसे, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असावा असेही कलम आहे. अंगी कर्तबगारी असलेल्या बारगिराने हवालदारीची आशा धरावी हे त्या रचनेतच गृहीत धरलेले होते. परंतु त्याच्या घोड्याला पाणी पाजणाऱ्या पखालजीने, अथवा खूर तासून नाल ठोकणाऱ्या आणि घोडा लंगडतो आहे हे स्वाराच्याही आधी ओळखणाऱ्या नालबंदाने कोणत्या पायरीकडे डोळे लावावेत, हे त्या रचनेने सांगितलेले नाही. जनावराच्या पाठीवर बसणाऱ्याला बढती आणि त्याच्या पायाशी बसणाऱ्याला केवळ मुशाहिरा, ही विभागणी काही एकट्या मराठ्यांच्या पागेतली नव्हे. ती जवळजवळ सर्व देशांत आणि सर्व काळांत आढळते. आणि ती मोडण्याचा, निदान तिला खिंडार पाडण्याचा जो प्रयत्न गेल्या शतकात मुख्यतः इंग्लंडात झाला, त्याचे अगदी अलीकडचे व वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटणारे रूप म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्यातील परिचारिकेने मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी आपल्याच वरिष्ठांपुढे द्यावयाची मुलाखत होय.

या प्रयत्नाचा आरंभ मात्र पाहावयाचा तर तो परिचारिकेपासून होत नाही, वैद्यापासून होतो. लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ मध्ये निघाले, व्यवसायाचे नियमन करणाऱ्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेला १८४४ मध्ये राजसनद मिळाली, आणि १८८१ च्या कायद्याने ‘व्हेटरिनरी सर्जन’ ही उपाधी सनदधारकांपुरती राखून ठेवण्यात आली. हिंदुस्थानातही तोच क्रम काही दशकांच्या अंतराने दिसतो. फौजेतील रिसाल्यांत घोड्यांची दवा करणारे सलोत्री पूर्वापार होतेच. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जात असे. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली आणि त्या परंपरागत विद्येच्या शेजारी सरकारी शिक्षण येऊन बसले. पुढे मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली, परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि १८८६ मध्ये जॉन हेन्री स्टील यांच्या प्राचार्यत्वाखाली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. या सर्व घटनांनी वैद्याला प्रतिष्ठा दिली यात संशय नाही. परंतु त्याचबरोबर वैद्य कोण आणि मदतनीस कोण यांमधील रेषा, जी सलोत्र्याच्या काळी पुसट होती, ती शाईने आखून दिली. रेषेच्या पलीकडे पदविका होती. अलीकडे जखम धुणारे, पट्टी बांधणारे, खोड्यात बैल उभा करणारे आणि रात्रभर आजारी घोड्यापाशी बसणारे हात होते.

इंग्लंडात या हातांना पहिल्याने नाव मिळाले ते घोड्यामुळे नव्हे तर कुत्र्यामुळे, आणि यात नवल नाही. कारण घोडा हा धन्याच्या तबेल्यात राहत होता, तर कुत्रा एव्हाना त्याच्या दिवाणखान्यात शिरला होता. १९०८ साली लंडनमध्ये श्वानांच्या परिचारिका तयार करणारी एक संस्था निघाल्याची नोंद आहे. १९१३ साली रायस्लिप येथे कुत्र्यांसाठी आरोग्यधाम निघाले व तेथे परिचारिका नेमण्यात आल्या. चार वर्षांनी, ऐन महायुद्धात, मारिया डिकिन या बाईंनी व्हाइटचॅपलच्या दरिद्री वस्तीतील एका तळघरात गरिबांच्या आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. तेथे उपचार करणाऱ्यांपाशी पशुवैद्यकाची सनद नसे, आणि त्यामुळे सनदधारकांशी त्या संस्थेचे दीर्घकाळ खटके उडाले. सनदेशिवाय प्राण्याला हात लावावा की लावू नये, लावला तर कोणाच्या आज्ञेने लावावा, हा प्रश्न तेथे प्रथम उघड्यावर आला. दरम्यान वैद्यांच्या बाजूलाही स्त्रियांना सहज प्रवेश नव्हता. एडिंबरोस शिक्षण पूर्ण केलेल्या अॅलीन कस्ट यांना रॉयल कॉलेजने नोंदवहीत घेतले ते १९२२ मध्ये, म्हणजे शिक्षण आटोपल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने. तेव्हा पशुवैद्यक होऊ न शकणाऱ्या किती बुद्धिमान मुली पट्ट्या बांधण्याच्या टेबलाशी येऊन थांबल्या असतील, याची कल्पना वाचकांनी करावी.

१९३८ साली लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात मुख्य परिचारिकेची नेमणूक झाली. ही नोंद एका ओळीची आहे. तथापि माझ्या मते या व्यवसायाच्या इतिहासात तिचे मोल काही कायद्यांहून अधिक आहे, कारण ‘मुख्य’ म्हटले की ‘दुय्यम’ आली, दोघींमध्ये अंतर आले आणि ते अंतर कसे ओलांडावे हा प्रश्न आला. शिडीला दुसरी पायरी लागली ती त्या दिवशी.

पुढचा इतिहास उपाधीच्या तंट्याने व्यापलेला आहे. इंग्लंडात १९४३ च्या कायद्याने ‘नर्स’ या नावाच्या वापरावर बंधन घातलेले होते, आणि माणसांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी मांजराचे पाय पुसणाऱ्या मुलींना ते नाव वापरू देण्यास सक्त हरकत घेतली. परिणामी १९६१ साली रॉयल कॉलेजने जेव्हा प्रशिक्षणाची रीतसर योजना मुक्रर केली, मान्यताप्राप्त दवाखान्यातील उमेदवारी आणि दोन टप्प्यांची परीक्षा असा तिचा आराखडा ठरविला, तेव्हा उत्तीर्ण होणाऱ्यांना ‘अॅनिमल नर्सिंग ऑक्झिलियरी’, म्हणजे प्राण्यांच्या शुश्रूषेतील साहाय्यक, असे ओढूनताणून बनविलेले नाव देण्यात आले. (नोंदणी झालेल्यांची आद्याक्षरे जुळवून ‘राना’ असा शब्द होई, आपल्या कानांना तो मेवाडच्या गादीची आठवण करून देतो, पण त्या पदात राजवैभव काही नव्हते.) योगायोग असा की त्याच १९६१ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या दिल्ली याच नावाच्या एका लहानशा गावी, तशाच प्रकारचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, तिकडे त्यांनी ‘टेक्निशियन’ हा शब्द पसंत केला आणि परिचारिकांशी भांडण टाळले. इंग्लंडात १९६५ मध्ये या साहाय्यकांनी आपली संघटना उभारली. ‘व्हेटरिनरी नर्स’ हे नाव त्यांच्या पदरात पडावयास मात्र १९८४ साल उजाडावे लागले.

नाव मिळाले तरी अधिकार मिळाला नव्हता. पशुवैद्यकांविषयीच्या १९६६ च्या कायद्याने उपचाराचा हक्क वैद्याकडे ठेवला होता. १९९१ मध्ये त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दुरुस्ती होऊन नोंदणीकृत परिचारिकेला औषधोपचार व शरीराच्या पोकळीत प्रवेश न करणारी किरकोळ शस्त्रक्रिया करण्याची मुभा देण्यात आली, परंतु ती वैद्याच्या निर्देशानुसार. हे दोन शब्द कायद्याच्या भाषेत निरुपद्रवी दिसतात. प्रत्यक्षात त्यांनी एका व्यवसायाचे व्याकरण घडविले. परिचारिका जे करते ते तिने केलेले असूनही कागदावर वैद्याच्या आज्ञेचे पालन असते. शीर तिने शोधलेली असते, नळी तिने घातलेली असते, टाका तिने घातलेला असतो, आणि केसपत्रावर खाली सही वैद्याची असते. याला मी अन्याय म्हणत नाही. जबाबदारी ज्याच्या शिरावर त्याची सही असणे हे योग्यच आहे. परंतु वर्षानुवर्षे अशा कागदांवर काम केलेल्या मनुष्याच्या बोलण्यातून प्रथमपुरुषी एकवचन हळूहळू नाहीसे होते, आणि ‘मी केले’ याऐवजी ‘आम्ही केले’, ‘करण्यात आले’, ‘डॉक्टरांनी सांगितले’ अशी वाक्ये जिभेवर बसतात. नेमकी हीच वाक्ये बढतीच्या मुलाखतीत निकामी ठरतात.

पूर्वीच्या काळी हा प्रश्न उद्भवत नसे, कारण मुलाखतच नसे. दवाखान्याचा धनी स्वतः पशुवैद्य असे. जुनी परिचारिका लग्न होऊन वा वयोमानाने गेली की तो दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या उरलेल्यांपैकी जिच्यावर त्याचा विश्वास बसला असेल तिच्या हाती देई, आणि बढती झाली. या पद्धतीत गुण ओळखले जात नव्हते असे नाही; दहा वर्षे शेजारी उभे राहून पाहिलेल्या माणसाची पारख अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांहून खरी असू शकते. पण तीत मर्जीही चालत होती, आणि जिच्या हाती किल्ल्या आल्या नाहीत तिला त्याचे कारण विचारण्याची सोय नव्हती. इंग्लंडात १९९९ मध्ये नियम शिथिल होऊन पशुवैद्य नसलेल्यांनाही दवाखान्यांची मालकी घेता येऊ लागली, आणि मोठ्या कंपन्यांनी एकेक दवाखाना खरेदी करण्याचा सपाटा लावला. तेथील स्पर्धा-नियामकांच्या म्हणण्यानुसार २०१३ मध्ये शंभरातील दहा दवाखाने मोठ्या समूहांकडे होते, ते दहा वर्षांत जवळजवळ साठ झाले. मालक दूर गेला की कागद जवळ येतो हा सर्व अंमलांचा अनुभव आहे. जागेची जाहिरात, लेखी अर्ज, कामाचा तपशीलवार मसुदा, तिघांची समिती, गुणांचा तक्ता आणि मुलाखत ही सारी सामग्री या बदलाबरोबर आली. आणि ज्या मुलीने मालकाच्या नजरेखाली मुकाट्याने काम करून किल्ल्या मिळविल्या असत्या, तिला आता बोलून त्या मिळवाव्या लागू लागल्या.

तेव्हा परिचारिका या मुलाखतीची तयारी कशी करते हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका मांजरीवर शस्त्रक्रिया चालू आहे. वैद्याचे लक्ष पोटात आहे आणि परिचारिका डोक्याशी बसून दर पाच मिनिटांनी नाडी, श्वसन, रक्तातील प्राणवायू व तापमान यांचे आकडे भुलीच्या तक्त्यावर मांडते आहे. निरोगी मांजरीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश. येथे ते उतरत उतरत ३६.२ वर आले, नाडी मंदावली, आणि परिचारिकेने सांगितल्यावरून वैद्याने भुलीचा वायू कमी करण्यास संमती दिली, अंगाखाली ऊबदार हवेचे पांघरूण सरकविण्यात आले, आणि मांजरी वेळेवर शुद्धीवर आली. तक्त्यावर काय उरले? ३६.२ हा आकडा, वायूचे प्रमाण दोनावरून दीडावर आल्याची नोंद, आणि सही. कोणाच्या लक्षात प्रथम आले, कोण कोणाला कोणत्या शब्दांत म्हणाले, क्षणभर वैद्याने हात उडवून ‘चालेल’ म्हटल्यावर ती गप्प बसली की पुन्हा बोलली, यांपैकी काहीच तक्त्यावर नाही. मुलाखतीच्या तयारीसाठी जुनी केसपत्रे काढून बसलेली परिचारिका वस्तुतः या गाळलेल्या जागा भरीत असते. स्वतःच्याच कामाच्या दप्तरात स्वतःला हुडकण्याचा हा उद्योग विलक्षण आहे, आणि त्यात मनुष्य कसा चाचपडतो हे ज्याने पाहिले त्याला तिच्या संकोचाचे हसू येणार नाही.

समितीला उत्तर कसे द्यावे याचा एक साचाही प्रचारात आला आहे: आधी प्रसंग सांगावा, मग आपल्यावर आलेली जबाबदारी, मग आपण केलेली कृती आणि शेवटी तिचे फल. आपल्या नैयायिकांचे परार्थानुमान पंचावयवी होते; हे एका अवयवाने उणे आहे, आणि तो उणा अवयव बहुधा ‘हेतू’ असावा. कारण काय केले हे चार पायऱ्यांत नीट सांगता येते, का केले हे सांगावयास या साच्यात स्वतंत्र घर नाही. आणि चांगल्या परिचारिकेचे सारे शहाणपण त्या ‘का’मध्ये असते. साधी पट्टीच घ्या. मोडलेल्या पायाला तात्पुरता आधार देण्यासाठी जी जाड पट्टी बांधतात ती लिव्हरपूलचे अस्थिशल्यवैद्य सर रॉबर्ट जोन्स यांच्या नावाने ओळखली जाते. मूळची ती माणसांची, पशुवैद्यांनी उचललेली. पायाच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टीचे दोन पट्टे लावावयाचे, त्यावर कापसाच्या गुंडाळ्यांचे थरावर थर चढवावयाचे, मग ताणाची पट्टी आवळत आणावयाची, पट्ट्यांची मोकळी टोके उलटवून वर चिकटवावयाची, आणि सर्वांवर शेवटचे आवरण घालावयाचे. मधल्या दोन बोटांची अग्रे मात्र उघडी ठेवावयाची. सर्व झाल्यावर पट्टीवर टिचकी मारली असता पिकलेल्या कलिंगडासारखा आवाज आला तर बांधणी साधली, असे जुन्या परिचारिका नव्यांना शिकवितात. कान देऊन ऐकले तर या एका पट्टीत निम्मे शास्त्र आहे: थर जाड का, तर दाब सर्वत्र सारखा पडावा म्हणून, बोटे उघडी का, तर ती सुजली वा गार पडली तर रक्त अडले हे कळावे म्हणून. हे सर्व जिला उमगलेले आहे ती टिचकी मारून थांबते; ते सांगावे लागेल असे तिला कोणी शिकविलेले नसते.

आणि गंमत अशी की मुख्य परिचारिका झाल्यावर ही पट्टी ती फारशी बांधणारच नाही. तिने इतरांकडून बांधून घ्यावयाची आहे. समितीचे खरे प्रश्न त्या अंगाचे असतात: पाळ्यांचा तक्ता तुम्ही कसा लावाल, नाताळच्या रात्री कोणीच यावयास तयार नसेल तर काय कराल, शिकाऊ मुलीच्या चुकीमुळे जनावराला अपाय झाला तर तिच्याशी, मालकाशी आणि वैद्याशी कोणत्या क्रमाने बोलाल, नियंत्रित औषधांची नोंदवही कोण ताडून पाहील. हा शेवटचा प्रश्न हल्ली हमखास निघतो, कारण भुलीसाठी जागोजागच्या दवाखान्यांत वापरले जाणारे केटामिन २०१५ च्या अखेरीस इंग्लंडात अधिक कडक वर्गात घालण्यात आले, आणि कुलूपबंद कपाटातील बाटलीत उरलेला प्रत्येक अंश नोंदवहीतल्या शिलकेशी जुळविणे हे मुख्य परिचारिकेच्या गळ्यात पडले. एकंदरीत, ज्या हातांच्या बळावर ती या खुर्चीपर्यंत आली ते हात बाजूला ठेवून तिने बोलावे, आणि पुढेही ते बरेचसे बाजूलाच राहतील याला राजी व्हावे, अशी ही परीक्षा आहे. ज्यांना हे आधी उमगते त्यांपैकी काहीजणी अर्जच करीत नाहीत, आणि मला त्यांचा निर्णय भीरुपणाचा वाटत नाही.

आपल्याकडे पाहावे तर चित्र निराळे आहे. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्यात परिचर, व्रणोपचारक, पशुधन पर्यवेक्षक अशी पदनामे आहेत. संस्कृत धाटणीची, भारदस्त, आणि गावकऱ्यांनी कधीच न वापरलेली. गावकऱ्यांच्या लेखी दवाखान्यात जो असतो तो डॉक्टर; मग तो बैलाचा खूर धुणारा का असेना. बुळकांडी या गुरांच्या रोगाविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून लशीच्या पेट्या घेऊन वाड्यावस्त्यांवर जाणारे, पोळ्याला सजविलेल्या बैलाच्याही मानेत सुई टोचण्याची परवानगी मालकाकडून मिळविणारे लोक बहुतांशी याच खालच्या पायऱ्यांवरचे होते. २००६ मध्ये भारत त्या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये तो रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, यात त्यांच्या पायपिटीचा वाटा मोठा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या तिसाव्या कलमाने पदविकाधारकांना किरकोळ सेवा देण्याची वाट ठेवली, तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार. म्हणजे लंडनमधील ते दोन शब्द येथेही आहेतच. फरक आहे तो बढतीत. सरकारी नोकरीत ती मुख्यतः सेवाज्येष्ठतेच्या यादीने, अर्हतेने आणि गोपनीय अहवालाच्या शेऱ्यांनी ठरते. येथे ‘मी’ म्हणण्याची अडचण कोणावर येत नाही, हे खरे. पण तुला काय येते, असा प्रश्नही त्या कर्मचाऱ्याला कोणी कधी समोर बसवून विचारीत नाही. दोहोंपैकी कोणती पद्धत बरी, असे मला कोणी विचारले तर मी साच्यासकट, समितीसकट, त्या इंग्रजी मुलाखतीच्या बाजूने मत देईन. मात्र समितीत एक तरी सदस्य स्वतः पट्टी बांधलेला असावा, अशी अट घालीन.

या मुलाखतीची खरी कसोटी समितीसमोर संपत नाही, हे उमेदवार परिचारिकेच्या हितचिंतकांनी तिला आधीच सांगून ठेवलेले बरे. बाहेरून नोकरी मागावयास आलेला उमेदवार नापसंत झाला तर तो घरी जातो. येथे दोघी उमेदवार एकाच दवाखान्यातल्या, एकाच चहाच्या टेबलावर बसणाऱ्या, आणि समितीतला वैद्य दोघींच्याही शेजारी उद्या सकाळी भुलीच्या यंत्रापाशी उभा राहणारा. निकाल लागल्याच्या आठवड्यात नव्या मुख्य परिचारिकेला पुढील महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता लावावयाचा असतो, आणि त्यात शनिवार-रविवारच्या रात्री कोणाच्या वाट्याला घालावयाच्या हे तिनेच ठरवावयाचे असते. तिची प्रतिस्पर्धी कदाचित तिच्याहून दोन वर्षे जुनी असते आणि शिरेत नळी घालण्यात तिच्याहून तरबेजही असते. तिला रविवार दिला तर सूड दिसतो, न दिला तर खुशामत; आणि शहाण्या मुख्य परिचारिका, असे म्हणतात, पहिल्या महिन्यातले पहिले दोन रविवार स्वतःच्या नावावर लिहितात व तिसऱ्याविषयी तिच्याशी बोलावयास जातात.